हायब्रिड विकणाऱ्यांनो, उरलेलं अर्धं वाक्यही सांगा

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या, गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना आणि त्या विकणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

शोरूममध्ये तुमच्यापैकी कोणी ना कोणी रोज एक वाक्य बोलतं : "शहरात ही गाडी बराच वेळ बॅटरीवरच चालते." वाक्य खोटं नाही. पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही म्हणून चांगली गाडी घेतलेली माणसं महिनाभरात हिरमुसतात, गाडीला दोष देतात, सर्व्हिस सेंटरचे खेटे घालतात. हे मी घरातच पाहिलं, म्हणून हे पत्र.

माझ्या थोरल्या बहिणीने ऐन हिवाळ्यात हायब्रिड घेतली. आठव्या दिवशी तिचा फोन आला. "अरे, गाडीत काहीतरी बिघाड आहे. इंजिन सारखं सुरू होतंय. दोनदा दाखवून आणली, ते म्हणतात सगळं नॉर्मल आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या शेजारी बसलो. गाडी थंडगार होती. ताईने स्टार्टचं बटण दाबलं, हीटर पूर्ण सोडला आणि लगेच 'ईव्ही' लिहिलेलं, म्हणजे फक्त बॅटरीवर चालवण्याचं, बटण दाबलं. टुंग असा आवाज आला आणि पडद्यावर ओळ उमटली : ईव्ही मोड आत्ता उपलब्ध नाही. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा टुंग. मग इंजिन सुरू झालं आणि तिचा चेहरा पडला. रस्त्याला लागल्यावर ती ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावत होती. नजर समोरच्या गाडीवर कमी आणि काट्याखालच्या 'ईव्ही' ह्या हिरव्या अक्षरांवर जास्त. मागे पाच-सहा गाड्यांची रांग लागली होती, एक जण हॉर्न वाजवत होता. सिग्नलला थांबलो तेव्हा इंजिन बंद झालं. "बघ हं, आता परत चालू होईल," ती म्हणाली. झालंही. हीटर पूर्ण होता, आणि केबिनला लागणारी उष्णता त्या गाडीत इंजिनाच्या गरम पाण्यातूनच येते. मी हीटर दोन घरं खाली आणला. पुढच्या सिग्नलला इंजिन शांत राहिलं. ताई माझ्याकडे बघतच राहिली. एवढी साधी गोष्ट तिला आठ दिवसांत कुणीच सांगितली नव्हती.

गाडी खरंच नॉर्मल होती. पण ताईच्या मनात जी गाडी होती ती वेगळी होती, आणि ती तिच्या मनात तुमच्या काउंटरवर तयार झाली होती.

मूळ मुद्दा बॅटरीच्या आकाराचा आहे. टोयोटाने १९९७च्या डिसेंबरात जपानमध्ये प्रियस आणली, तेव्हापासून बिगर-प्लग, म्हणजे बाहेरून चार्ज न होणाऱ्या, हायब्रिडचं गणित फारसं बदललेलं नाही. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमधली बॅटरी सुमारे १.३ किलोवॅट-तासांची होती, म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत सव्वा युनिट. आजच्या गाड्यांत निकेलऐवजी लिथियम आलं, तरी प्लग नसलेल्या हायब्रिडची बॅटरी बहुतेकदा एक-दोन युनिटांच्या आसपासच असते. त्यातलीही सगळी वीज वापरायला मिळत नाही. बॅटरी वर्षानुवर्षं टिकावी म्हणून गाडी तिला पूर्ण रिकामी होऊ देत नाही आणि पूर्ण भरूही देत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवते. हाताशी उरतं साधारण अर्धं युनिट. सपाट रस्त्यावर, संथ वेगाने, एसी बंद ठेवून त्यावर तीन-चार किलोमीटर जाता येईल. 'ईव्ही' बटणाचं अंतर तर अनेक गाड्यांत त्याहून कमी, एक-दोन किलोमीटर, तेही ठरावीक वेगाच्या आतच.

हे अर्धं युनिट किती, ते पेट्रोलमध्ये मोजून बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.९ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली फार तर पस्तीस-चाळीस टक्के चाकांच्या कामी आणतं, बाकी उष्णता होऊन जाते. तो हिशेब धरला तर भरलेल्या बॅटरीतली वापरता येण्याजोगी वीज म्हणजे साधारण दीडशे मिलिलिटर पेट्रोलचं काम. एक कपभर. गिऱ्हाइकाच्या हातात चावी देताना हा कप तेवढा डोळ्यांसमोर उभा करा, बाकीचे निम्मे प्रश्न तो विचारणारच नाही.

पुढचा प्रश्न असा, की हा कप भरतो कशाने? प्लग नाही, म्हणजे वाटा दोनच : ब्रेक आणि इंजिन.

ब्रेकची वाट खरी कमाईची. माणसांसकट दीड टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असेल, तर तिच्या वेगात साठलेली ऊर्जा ०.०५८ युनिट. साधी गाडी थांबते तेव्हा ही सगळी ब्रेक पॅड तापवण्यात जाते. हायब्रिड तिचा मोठा हिस्सा परत घेते, पण सगळी नाही. काही टायर आणि वारा खातात, काही मोटर आणि बॅटरीच्या येण्याजाण्यात जाते. निम्मी परत आली तरी एका थांब्यातून दोनेकशे मीटर फुकट पळण्याइतकी वीज मिळाली. ऐकायला कमी वाटतं. पण गर्दीच्या रस्त्यावर असे थांबे दिवसाला शेकड्याने येतात, आणि हायब्रिडचं शहरातलं बरंचसं यश ह्या दोनशे-दोनशे मीटरांतच आहे.

इथे गिऱ्हाइकाला शिकवण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती एका वाक्यात सांगता येते : ब्रेक लवकर आणि हळू लावा. तीच ६० च्या वेगातली गाडी दहा सेकंदांत थांबवली तर सरासरी २१ किलोवॅट शक्ती बॅटरीकडे जाऊ पाहते. तीन सेकंदांत थांबवली तर जवळपास ७० किलोवॅट. एवढ्या छोट्या बॅटरीला एवढा लोंढा एका घोटात पिता येत नाही. उरलेलं काम मग नेहमीचे ब्रेक पॅड करतात आणि ऊर्जा वाऱ्यावर जाते. सिग्नल लाल दिसताच दुरूनच पाय काढून हलका ब्रेक धरणारा आणि जवळ जाऊन कचकन थांबणारा, ह्यांच्या गाड्या एकाच कंपनीच्या असल्या तरी ॲव्हरेज एकसारखं येणार नाही. ताईला मी आधी एवढंच सांगितलं. बटण विसर, ब्रेकवर लक्ष दे.

दुसरी वाट इंजिनाची, आणि सगळा गैरसमज तिच्याभोवती आहे. लोकांना वाटतं, बॅटरीवर काढलेला प्रत्येक किलोमीटर फुकटचा. प्लग नसलेल्या गाडीत ब्रेकमधून आलेली वीज सोडली तर प्रत्येक युनिट पेट्रोल जाळूनच झालेलं असतं. इंजिनातून जनरेटर, तिथून बॅटरी, बॅटरीतून पुन्हा मोटर, अशा प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती होते. म्हणून बटण दाबून, जबरदस्तीने बॅटरी उपसून दोन किलोमीटर शांततेत काढले, तर पुढच्या चार किलोमीटरांत इंजिनाला ती भर परत करावी लागते, आणि ती गळतीसकट. सरतेशेवटी पेट्रोल वाचत नाही, बहुतेक वेळा थोडं जास्तच जातं.

मग हायब्रिड वाचवते कशी? इंजिन ज्या कामात कच्चं आहे ते काम त्याला न देऊन. रांगेत उभं राहणं, सरपटत पुढे जाणं, थांब्यावरून उठणं ह्या हलक्या कामात पेट्रोल इंजिन फार उधळं असतं. तिथे गाडी त्याला झोपवते आणि मोटर पुढे करते. एकदा उठवलं की मात्र त्याच्याकडून भरपूर काम घेते : चाकंही फिरव, बॅटरीही भर. कारण मध्यम-जड भारावरच ते सर्वांत काटकसरी असतं. ॲटकिन्सन पद्धतीची, म्हणजे जोरापेक्षा काटकसरीला जपणारी, इंजिनं ह्या गाड्यांत घालतात ती ह्यासाठीच. खालच्या वेगात त्यांचा जोर कमी, पण ती उणीव मोटर भरून काढते. म्हणजे इंजिन सुरू होणं ही गाडीची हार नाही, ती तिची नेहमीची कामाची पद्धत आहे. हे ज्याला कळलं तो त्या हिरव्या अक्षरांच्या मागे धावत नाही. ज्याला कळलं नाही तो मागे रांग लावून वीसच्या वेगाने गाडी ओढतो, आणि भर उन्हात एसी बंद करून घरच्यांना उकडवतो.

ह्यात तुमच्या डिझाइन करणाऱ्यांचाही हात आहे. पडद्यावर 'ईव्ही' दिसलं की हिरवा रंग, पानाचं चित्र, शाबासकी. इंजिन लागलं की सगळं विझतं. काही गाड्या प्रवास संपल्यावर सांगतात, "६२ टक्के ईव्ही", आणि ती टक्केवारी वेळेची असते. सिग्नलला उभं राहिलेले चार मिनिटंसुद्धा त्यात धरलेले असतात. गिऱ्हाइकाला वाटतं, साठ टक्के रस्ता बॅटरीवर झाला. अंतर वेगळं मोजा, वेळ वेगळा मोजा आणि काय मोजलंय ते तिथेच लिहा. आणि त्या कोरड्या "उपलब्ध नाही"च्या जागी कारण द्या. "इंजिन गरम होत आहे." "हीटरसाठी इंजिन चालू आहे." "बॅटरी कमी आहे." गाडीच्या संगणकाला कारण माहीत असतंच, मालकालाच तेवढं माहीत नसतं.

थंड इंजिनाचं तर आवर्जून सांगायला हवं. सकाळी पहिल्यांदा गाडी काढली की बॅटरी भरलेली असली तरी इंजिन लागतं, कारण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शेकडो अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. ही पहिली काही मिनिटं सर्वांत महाग. जो माणूस दिवसातून चार वेळा दोन-दोन किलोमीटर गाडी काढतो, दर वेळी थंड, त्याला माहितीपत्रकातला आकडा कधीच मिळणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नसते. काउंटरवर त्याला एवढंच विचारा : रोज किती अंतर, किती फेऱ्या? तुमचं उत्तर त्यावर ठरायला हवं.

हायवेची गोष्ट उलटी. साधी पेट्रोल गाडी शहरापेक्षा हायवेला जास्त देते, हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं असतं. हायब्रिडमध्ये ते बरेचदा फिरतं. सलग वेगात ब्रेकच नाही, मग परत मिळवायचं काय? शिवाय वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर तो ५६ टक्क्यांनी जास्त, १२० वर गेलात तर सव्वादोन पट. तिथे तुमची बॅटरी फारशी कामाला येत नाही. ज्याचा जन्म हायवेवर १२० ने जाण्यात जातो त्याला "हायब्रिड घ्या, निम्मं पेट्रोल वाचेल" असं सांगणं म्हणजे त्याची शुद्ध फसवणूक आहे. शब्द कडक आहे, पण मी तो विचार करूनच लिहितो आहे.

लांब घाट उतरताना आणखी एक धास्ती बसते. दीड टनाची गाडी १०० मीटर खाली उतरली की ०.४ युनिट ऊर्जा सुटते. म्हणजे शंभर-दीडशे मीटर उतारातच बॅटरी भरते. पुढचा उतार साठवायला जागाच नसते. अशा वेळी अनेक गाड्या ब्रेकवरचा ताण कमी करायला इंजिन नुसतं फिरवतात, पेट्रोल न जाळता. आवाज मोठा येतो आणि चालवणारा घाबरतो. मॅन्युअलमध्ये हे असतं म्हणे. मॅन्युअल चारशे पानांचं असतं.

आता माहितीपत्रकातल्या आकड्याविषयी. तो खोटा असतो असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरलेल्या वेगपत्रकाप्रमाणे, तो मिळालेलाच असतो. युरोपात २०१७ पासून लागू झालेली डब्ल्यूएलटीपी चाचणी अर्ध्या तासाची, सुमारे २३ किलोमीटरची आहे, सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर, एसी बंद. तुमच्या गिऱ्हाइकाचा प्रवास असा असेल तर आकडा जुळेल, नसेल तर नाही.

चाचणी बदलली की आकडा कसा बदलतो ह्याचं उत्तम उदाहरण प्रियसच आहे. अमेरिकेत जुन्या पद्धतीने तिचा एकत्रित आकडा गॅलनला ५५ मैल होता, लिटरला साधारण २३.४ किलोमीटर. २००८च्या मॉडेलपासून तिथल्या पर्यावरण संस्थेने जास्त वेग, एसी आणि थंडी हिशेबात घेतली, आणि त्याच गाडीचा आकडा ४६ झाला, म्हणजे लिटरला १९.६. गाडीतला एक स्क्रूही बदलला नव्हता. २३ च्या आशेने घेतलेल्या माणसाला १९ मिळाले तर तो चिडतो. १९ सांगून घेतलेल्याला २० मिळाले तर तो दहा जणांना कौतुकाने सांगतो.

फोर्डच्या सी-मॅक्स हायब्रिडचंही आठवत असेल. २०१३च्या मॉडेलवर ४७ मैलांचा आकडा होता. तो त्याच वर्षी ४३ आणि पुढच्या वर्षी ४० वर आणावा लागला, आणि कंपनीने गाडी घेतलेल्यांना पैसे परत दिले. पहिला आकडा त्याच इंजिनाच्या, तेवढ्याच वजनगटातल्या फ्यूजन हायब्रिडच्या चाचणीतून उचललेला होता. तेव्हाच्या नियमांत ते बसत होतं. पण सी-मॅक्सची उंच अंगकाठी वाऱ्याला जास्त अडते, आणि वारा नियम वाचत नाही. त्या प्रसंगातून मी तरी एवढं शिकलो की हायब्रिडचा आकडा परिस्थितीला साध्या गाडीपेक्षा जास्त हळवा असतो. जे वाचवायचं ते थोडंच असतं, आणि तेही अनेक अटींवर.

प्लग-इन, म्हणजे प्लग लावून चार्ज करायच्या, हायब्रिडचा विषय निराळा आहे, पण ती विकणारेही तुम्हीच, म्हणून थोडक्यात. तिची बॅटरी मोठी, ती खरोखर दहा-वीस नव्हे तर कित्येकदा पन्नासच्या वर किलोमीटर विजेवर नेते. अट एकच : रोज प्लग लावायचा. युरोपीय आयोगाने २०२४च्या मार्चमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांमधूनच आलेली प्रत्यक्ष माहिती प्रसिद्ध केली. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं उत्सर्जन कागदापेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघालं, प्लग-इनचं साडेतीन पट. कारण लोक गृहीत धरलं होतं तेवढं चार्ज करत नाहीत. ज्याच्याकडे गाडी उभी करायच्या जागी प्लगच नाही त्याला ही गाडी विकू नका. महिन्याचं टार्गेट तुमच्या डोक्यावर असतं हे मी समजू शकतो, तरीही विकू नका.

आणि माइल्ड हायब्रिडच्या मागच्या दारावर 'हायब्रिड' लिहिता, तेव्हा ती बहुतेक वेळा एकट्या बॅटरीवर चालत नाही, मोटर फक्त इंजिनाला हात देते, हे घेणाऱ्याला पैसे भरण्याआधी कळलं पाहिजे. नंतर नाही.

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईक एवढं ऐकत नाही, त्याला "किती देते?" ह्याचं एकच उत्तर हवं असतं. मग द्या. पण त्याच्या खाली आणखी दोन द्या : थंडीत छोट्या फेऱ्यांना किती, आणि हायवेला सलग वेगात किती. जमलं तर १०० किलोमीटरला किती लिटर लागतात तेही सांगा. लिटरला १० देणारी गाडी १२.५ वर आली तर शंभर किलोमीटरला दोन लिटर वाचतात. २० ची २५ झाली तर एकच. वरवर पाच किलोमीटरांची उडी मोठी दिसते, पाकिटाला उलटं जाणवतं. जुनी गाडी आधीच काटकसरी असेल तर हायब्रिडने वाचेल ते थोडंच, हे त्या माणसाला आधीच कळू द्या.

गाडी ताब्यात देताना हार-फुलं आणि फोटोत अर्धा तास जातो. त्यातली दहा मिनिटं मागतो आहे. मालकाला शेजारी नाही, स्टिअरिंगवर बसवा. थंड गाडी सुरू करू द्या आणि इंजिन का लागलं ते सांगा. हीटर वर-खाली करून दाखवा. एक लाल सिग्नल दुरून हलक्या ब्रेकने गाठायला लावा आणि बॅटरीचा बाण उलटा फिरताना दाखवा. 'ईव्ही' बटण पार्किंगमध्ये गाडी हलवायला आहे, रोजच्या वापराला नाही, हे स्पष्ट सांगा. ॲव्हरेज पडद्यावरून नाही तर टाकी फुल ते टाकी फुल काढायचं, आणि तेही एका टाकीवर नाही, तीन-चार टाक्यांच्या बेरजेवर, हेही तेव्हाच सांगा. पंपावरचं नोझल दर वेळी एकाच पातळीला थांबत नाही, एका टाकीचा हिशेब त्यामुळे सहज फसतो.

ताईने तो पडदा बदलून टाकला आहे. हिरव्या पानाच्या जागी आता लिटर दिसतात. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही आहे, त्यात दर टाकीला तारीख, किलोमीटर आणि लिटर. हिवाळ्यातल्या तीन टाक्या कमी आल्या, ऊन पडायला लागल्यावर आकडा चढला. गेल्या आठवड्यात तिने फोन केला तो टायरमधली हवा किती ठेवू हे विचारायला. इंजिन सुरू होण्याबद्दल ती काहीच बोलली नाही, मीही विचारलं नाही.

आपला,
हायब्रिड आवडणारा एक चालक